उभ्या गव्हावरून

वीज जाणं हे रावेरकडच्या माणसाला नवं नाही. ती टिकली तर नवल. विहिरीवरची मोटर चालता चालता बंद पडते, ठिबकच्या नळ्या चार थेंब टाकून गप्प होतात, आणि शेतकरी वीजवाल्यांच्या नावानं दोन शिव्या हासडून केळीच्या सावलीत आडवा होतो. तोताराम आबांनी उभा जन्म हेच केलं. पण पियुष गेल्यापासून मोटरीचा आवाज तुटला की त्यांचे हात असतील तिथे थांबायचे. हातात विळा असो की भाकरीचा घास. त्या शांततेत ते कान टवकारून बसायचे आणि मनात म्हणायचे, देवा, आता पुढचं ऐकवू नको. पियुषच्या विमानाचं इंजिनही असंच चालता चालता बंद पडलं होतं.

पियुष आबांचा एकुलता एक मुलगा. केळीत वाढलेलं हे पोरगं विमान चालवायला शिकलं, आणि नुसतं शिकून थांबलं नाही, धुळ्याजवळच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये दुसऱ्यांना शिकवायला लागलं. ‘केळी सोडून आता ढगात पेरणार का’ म्हणून ज्यांनी टिंगल केली होती, तेच मग पाहुण्यांना आकाशात बोट करून ‘ते आमच्या पियुषचं’ म्हणून सांगायचे. ते विमान दिल्लीहून मुंबईला चाललेलं का असेना, त्यांना काय त्याचं.

दोन वर्षांपूर्वी माघात पियुष एका विद्यार्थिनीला घेऊन सोनगीरच्या बाजूला उडत होता. एका इंजिनाचं छोटं विमान, त्यात दोघंच. इंजिन बंद पडलं आणि विमान एका नाल्याच्या काठावर कोसळलं. पोरीचे दोन्ही पाय मोडले, पण ती वाचली. पियुष जागच्या जागी गेला.

मग चौकशी बसली, आणि चौकशा बसल्या की लवकर उठत नाहीत. यंदा दिवाळीनंतर कुठे अहवाल आला. आबांना इंग्रजी येत नव्हती, पण पेपरवाल्यांना मराठी येत होती. अपघाताचं कारण, वैमानिकाची चूक. इंजिन आपणहून बंद पडलं हे अहवालातही होतं. पण पुढे असं म्हटलं होतं, की खाली उतरण्याजोगी जागा असताना वैमानिकानं ती सोडली, विमान आणखी पुढे न्यायचा प्रयत्न केला, त्यात वेग संपला आणि विमान पडलं. जागा का सोडली, याचं कारण कळू शकलं नाही. पेपरनं इंजिनाचं वाक्य गाळलं आणि चुकीचं तेवढं ठेवलं.

गावाला तेवढं पुरलं. लई हुशार म्हणे, शेवटी चुकलाच ना, असं पारावर कुणी म्हटलं की दुसरा हळूच आबांच्या घराकडे बघायचा. आबांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, लग्नकार्याला जाणं बंद केलं. गेलेलं पोर परत येत नाही, हे नवरा-बायकोनं कसंतरी गिळलं होतं. पण मेलेल्याला नावं ठेवलेली काही गिळवत नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं. आबांनी मनाशी पक्कं केलं, की काहीही करून पोराच्या नावापुढची ती चूक पुसायची, त्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत.

आणि पियुष त्यांना दिसायचा. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. भर दुपारी, मोटर बंद पडली की, बागेच्या कडेच्या बांधावर तो उभा असायचा. खांद्याला बॅग, चेहरा नेहमीचाच. आबा हाक मारायचे, ये ना रे आत, सावलीत ये. तो आबांकडे बघत राहायचा, पण बांधावरून खाली पाय टाकायचा नाही. उन्हात उभं राहून तो नेमकी कशाची वाट बघतो, हे आबांना काही केल्या उमगत नव्हतं. वीज आली, मोटर सुरू झाली, की बांध मोकळा.

आबा जळगावला वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, विमानात दोघंच होते. एक गेला, दुसरी ती पोरगी. खाली उतरायला जागाच नव्हती असं तिनं लिहून दिलं, तर फेरविचार मागता येईल. नाहीतर विसरा.

ती पोरगी म्हणजे चाळीसगावची मयुरी. स्टेशनाजवळ तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान, मागे घर. आबा गाडीनं चाळीसगावला उतरले आणि विचारत विचारत तिथे पोहोचले. काठी टेकत मयुरी बाहेर आली. तिला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं उभ्यानंच हात जोडले. तीही त्यांना आबाच म्हणाली. पियुष सर घरच्या गोष्टी सांगताना नेहमी आबा असंच म्हणायचे, त्यामुळे तिला दुसरं काही म्हणणं सुचलंच नसेल.

आबांनी आडपडदा न ठेवता काम सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही सांगाल ते लिहून देते. सर गेले आणि मी राहिले, हे रोज सकाळी उठून मलाच पटत नाही, तर तुम्हाला कसं पटत असेल. आबांच्या छातीवरचा धोंडा हलला. गप्प बसले असते तर काम झालं होतं. पण बापाचं काळीज, त्यांनी विचारलं की खरोखर काय झालं ते एकदा सांग.

तिनं सांगितलं. इंजिन खोकलं आणि थांबलं. पंखा डोळ्यांसमोर थबकलेला दिसला, आणि वाऱ्याचा नुसता घोंघाट राहिला. सरांनी विमान आपल्या ताब्यात घेतलं. इंजिन परत सुरू करून पाहिलं, झालं नाही. आवाज चढवला नाही की घाई केली नाही. वेळ होता, उंचीही होती. आणि बरोबर समोर एक शेत होतं, लांबलचक, सपाट.

“मी बोट दाखवलं, सर, इथे,” मयुरी म्हणाली. “शिकवलेलंच होतं तसं. समोर जे सपाट दिसेल ते घ्यायचं. गहू तर मऊ असतो, विमान थोडं मोडतं, माणूस वाचतो. सर म्हणाले, ‘पीक उभं आहे गं. पलीकडे पडीक दिसतंय, तिथे घेऊ.’”

आबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी परत विचारलं. ती परत तेच बोलली, शब्द न शब्द.

मध्ये नाला होता, ती सांगत होती. पडीक जमीन दिसायला जवळ आणि जायला लांब. सर विमानाचं नाक वर ओढत होते. नाक ओढून विमान पुढे जात नाही, नुसता वेग मरतो, आणि वेग मेला की पंख धरत नाहीत. हे तिला सरांनीच शिकवलं होतं. एक पंख एकदम खाली गेला. पुढचं तिला आठवत नव्हतं.

“ते वाक्य मी चौकशीच्या साहेबांना सांगितलं नाही, आबा,” ती म्हणाली. “मला वाटलं, ते सरांना हसतील.”

आबांनी बांगड्यांचं एक खोकं उगाच सरळ करून ठेवलं. मग त्यांनी विचारलं, तू खोटं लिहून दिलंस तर कुणाचं काही बिघडेल का? मयुरी अडखळली. नको नको म्हणत शेवटी बोलली. दर शनिवारी सर वर्गात असे अहवाल मोठ्यानं वाचून दाखवायचे. ठिकठिकाणचे, पडलेल्या विमानांचे. म्हणायचे, मेलेल्यांच्या चुका नीट वाचून घ्या, जुन्याच चुका परत करण्यात काय पुरुषार्थ, करायचीच तर नवी करा. पोरं हसायची. सरांचा हा अहवालही आता कुठे ना कुठे वाचला जात असेल. वर्गात निम्मी पोरं शेतकऱ्यांचीच असतात.

आबांनी तिला सांगितलं, आत्ताच काही लिहू नको, मी ती जागा डोळ्यांनी पाहून येतो. त्यांच्या मनात एक आशा होतीच. वरून पोरीला सपाट दिसलं असेल. शेत वरून सगळंच सपाट दिसतं. दगड, पाण्याची चारी, उतार, हे खाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिथे एक जरी चारी निघाली, तरी पोराची चूक नव्हती.

चाळीसगावहून बसनं धुळं, धुळ्याहून दुसरी बस. सोनगीरचा किल्ला डाव्या अंगाला दिसायला लागला तसे ते फाट्यावर उतरले आणि विचारत चालत निघाले. विमान पडलं ते शेत विचारायची गरज पडली नाही. परका माणूस या वाटेला आला म्हणजे त्याच कामाला, हे लोकांना पाठ झालं होतं. एका बाईनं न विचारताच हात केला.

दिवस माघाचेच होते. गहू उभा होता, मांडीला लागेल एवढा, ओंब्या नुकत्या भरलेल्या. आबा बांधावर उभे राहिले आणि त्यांनी पन्नास वर्षं शेती केलेल्या माणसाच्या नजरेनं ते रान पाहिलं. चारी नव्हती. दगड नव्हता. विजेचा खांब नव्हता. काळीभोर, हात फिरवल्यासारखी जमीन, थेट नाल्यापर्यंत. एवढं चांगलं रान आपल्याला मिळालं असतं तर किती हरखलो असतो, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

शेताचा मालक वना पाणी देत होता. म्हातारा बांधावर का खिळलाय म्हणून तो जवळ आला. मी त्या पायलटचा बाप, एवढंच आबा बोलले. वनानं हातातलं फावडं खाली ठेवलं, डोक्याचा रुमाल काढला आणि त्यांच्याजवळ बसला. पाणी एकाच वाफ्यात तुंबत राहिलं, त्यानं तिकडे बघितलं नाही.

आबांनी विचारलं, त्या साली गहू किती झाला.

“एक दाना हाती नही लागना,” वना म्हणाला. “इमान पडनं तसं बठ्ठं गाव पळत ऊनं. तवय कोन बांध दखस, आबा? मी सोता गहूमझारतीन पळनू.”

बांध न बघता सगळं गाव गव्हातून धावलं, पियुषला आणि त्या पोरीला खाटांवर घालून गव्हातूनच आणलं. मग पोलीस आले, मग जीप आल्या, मग कुठून कुठून बघे, कडेवर पोरं घेऊन. आठवडाभर जत्रा होती. शेवटी वनानं उरलेल्यात गुरं सोडली. तो हे सांगत होता ते कुरकुर म्हणून नव्हे. विचारलं म्हणून सांगत होता.

जो गहू वाचवायला पियुष त्याच्यावरून पुढे गेला, तो गहू पियुषच्याच मागे धावलेल्या पायांखाली आठवडाभरात भुईसपाट झाला होता. आबांना हसू आलं की रडू, त्यांचं त्यांना कळलं नाही.  त्यांनी वनाला मयुरीनं सांगितलेलं सगळं सांगितलं, पीक उभं आहे म्हणाला तेही. मग विचारलं, विमान गव्हात उतरलं असतं तर किती नुकसान झालं असतं. वनानं रानाकडे पाहून अंदाज घेतला. दोनचार वाफे, जास्तीत जास्त.

“गहू काय, दरसाल येस,” तो म्हणाला. “त्यानी उतरी जावानं व्हतं, आबा. मी काय बोलतू का त्याले?”

 वना उठला. चला, ती जागा दाखवतो म्हणाला, आणि जवळची वाट म्हणून सरळ गव्हात शिरला. स्वतःचंच शेत, त्याला कसला विचार. थोडं पुढे जाऊन त्यानं मागे वळून पाहिलं. आबा बांधावरच होते.

त्यांनी पाय उचलला होता. उचललेला पाय ओंब्यांवर क्षणभर थांबला आणि मागे आला. त्यांनी परत उचलला, परत तसंच झालं. मालक स्वतः या म्हणत होता. नाल्याच्या काठावर त्यांच्या पोराचा जीव गेला होता आणि मधे फक्त गहू होता. पण सत्तरीला टेकलेला हा माणूस उभ्या पिकात पाय घालू शकला नाही. मग त्या पोरानं तरी वरून काय करायचं होतं? तो बांधावर का उभा राहतो आणि हाक मारूनही आत का येत नाही, हे आबांना तिथे, वनाच्या बांधावर, कळलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं आत यायला.

शिकवलं होतं ते वेगळंच. पियुष लहान असताना संक्रांतीला कटलेल्या पतंगामागे धावत रुपचंदच्या गव्हातून आरपार गेला होता. रुपचंद शेजारी, भला माणूस, पोरगंच आहे म्हणून हसत होता. पण आबांना ते सहन झालं नाही. उभं पीक तुडवणं म्हणजे मांडलेल्या ताटात पाय घालणं, असं त्यांच्या बापानं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी चारचौघांत पोराच्या थोबाडीत दिली, त्याला रुपचंदच्या पायावर घातलं, आणि सबंध शेताला बांधा-बांधानं वळसा घालून परत आणलं. वाटेत हुंदके देत पोरानं विचारलं होतं, “आबा, साप मागं लागला तं?”

“तरी बी बांधानंच,” आबा म्हणाले होते.

ही गोष्ट त्यांनी पुढे किती लग्नांत, किती पंगतींत सांगितली असेल. आमचं पोर जीव गेला तरी बांध सोडणार नाही, असं म्हणून मांडीवर थाप मारायची. आणि पंगत वाहवा म्हणायची.

त्या दिवशी ते बांधावरूनच वळसा घालून नाल्याकडे गेले. वना परत फिरून त्यांच्या मागून चालत राहिला. नाल्याच्या काठावर दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेलानं काळी पडलेली थोडी माती आणि तिच्यावर उगवलेलं गवत. आबांनी तिथे डोकं टेकवलं, मग खाली बसूनच मयुरीला फोन लावला.

“पोरी, लिही,” ते म्हणाले. “शेत व्हतं. सपाट व्हतं. उतरता आलं असतं.”

 तिनं हळूच विचारलं, आणि सरांचं नाव?

“नाव राहू दे तसंच. पण त्यानं जे म्हटलं ते बी लिही. जागा कामून सोडली ते त्याईले समजलं नाही ना, ते लिही.”

“हसतील, आबा.”

“हसू दे. ते वाचून एखादं शेतकऱ्याचं पोर गव्हात उतरलं, तं हसतीन तेवढं हसू दे.”

फोन ठेवल्यावर त्यांना हलकं वगैरे काही वाटलं नाही. घरून निघताना पोराचं नाव धुऊन आणतो म्हणून निघाले होते, आणि आता स्वतःच्या तोंडानं चूक कायम करून बसले होते. वनानं त्यांना फाट्यापर्यंत सोडलं, बसमध्ये बसवलं, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा सुनंदाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, चपला कुठल्या चिखलात घातल्या म्हणून बोलल्या, आणि परत लसूण हातात घेतला.  मग सुनंदाबाईंनीच विचारलं. धुतलं का पोराचं नाव?

आबा नाही म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. मयुरीचं, पडीक जमिनीचं, वनाच्या तुडवलेल्या गव्हाचं. आपला पाय उचलला नाही, तेही सांगितलं. शेवटी पतंगाच्या दिवसाशी आले. ते म्हणाले, चूक त्याची नव्हती, माझी व्हती, मी त्याले सापापुढं उभं केलं. बायको आता रडेल, नाहीतर बोल लावेल, या दोन्हीची त्यांनी तयारी ठेवली होती. बोल लावला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं.

सुनंदाबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांचे हात मात्र थांबले.

“त्या राती माह्याजोळ निजला व्हता,” त्या म्हणाल्या. “गाल सुजला व्हता. मले म्हने, ‘माय, आबा रागात बोलले का खरंच? साप आला तरी?’”

आबांनी वर पाहिलं. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

“मंग तू काय म्हटलं?”

“म्या म्हटलं, आबा म्हनतात ते खरंच असतं. निज.”

समोरून कुणीतरी गुरं हाकत गेलं. सुनंदाबाई मांडीवरच्या सालांकडे बघत होत्या आणि आबा त्यांच्याकडे. पोराला आपण दोघांनी मिळून शिकवलं होतं, हे दोघांना एकाच वेळी कळलं होतं. आबा उठले, बायकोच्या शेजारी जाऊन बसले, आणि तिच्या हातातला लसूण घेऊन सोलायला लागले.